विहीरवाडीची स्टेशन मास्तर

अकलूजच्या मुलानं दोन बोटांनी डबा उचलला आणि परत रुळावर ठेवला.

एवढंच केलं बिचाऱ्यानं. डाळिंबाच्या वळणावर गाडीचा मागचा डबा घसरला, तो शेजारीच उभा होता. वाकला, डबा उचलला, ठेवला आणि हात झटकून आमच्याकडं बघून हसला. दुसऱ्या कुणाच्या घरी म्हणाले असते, मुलगा चपळ आहे. आप्पांनी डोक्यावरची गार्डाची टोपी काढून काखेत धरली आणि लाल निशाण उघडलं.

"गाडी रद्द," ते म्हणाले.

मुलाच्या वडलांना वाटलं, पोहे आले म्हणून खेळ थांबवला. ते हात धुवायला उठले. गोदूआत्या बशा घेऊन दारात उभी होती, तिला मात्र सगळं कळलं, कारण हे काही पहिलं स्थळ नव्हतं. मोहोळच्या मुलानं गाडी मेलसारखी पळवली होती. त्याच्या आधीच्या इंदापूरच्या मुलानं तर इंजिन बघून "खेळणं झकास आहे" म्हटलं होतं, आणि त्याला चहासुद्धा अर्धा कपच मिळाला होता.

मी त्या वेळी परसाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी, एका हातात फोन आणि एका हातात हिरवं निशाण घेऊन उभी होते. आमच्या घरी मुलगी बघायला आलेल्यांना मुलगी अशी दिसायची.

पाहुणे गेल्यावर आत्या आप्पांना भिडली. आत्या म्हणजे आप्पांची मोठी बहीण. आई गेल्यापासून माझ्या लग्नाचा मक्ता तिनं घेतला होता. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही, घरी उसाचं रान आहे, आणखी काय हवं तुला रंगनाथ, असं तिनं विचारलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्का, त्या डब्यात पॅसेंजर बसलेत असं समज," ते म्हणाले. "डबा घसरला. पॅसेंजर घाबरलेत. आणि आभाळातून हा एवढा मोठा हात आला. त्यांनी काय समजायचं?"

आत्या उष्ट्या बशा गोळा करायला लागली.

आमची लाइन म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. आप्पा छोट्या लायनीवर गार्ड होते, आम्ही कुर्डुवाडीत राहायचो, आणि घरामागं लांबलचक परस होतं. त्या परसात आप्पांनी अडीच बोटं रुंदीचे रूळ टाकले होते. घराच्या पायरीपाशी निघून, घेवड्याच्या मांडवाखालून, डाळिंबांना वळसा घालून ते विहिरीपाशी जायचे. इंजिन वरवंट्यापेक्षा थोडं मोठं, पण खरं. आमचं घराणं तांबटांचं. चुलतकाकांनी बंब घडवावा तसा त्याचा बॉयलर तांब्याचा ठोकून दिला होता. खाली स्पिरिटच्या वाती पेटवायच्या, बॉयलरमध्ये गाळलेलं पाणी, तेल घालायचं, आणि वाफेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत गप बसायचं. मग ते इंजिन स्वतःच्या वाफेवर तीन डबे आणि मागं गार्डाची ब्रेकव्हॅन ओढत निघायचं. शिट्टी अशी वाजायची की कुर्डुवाडी स्टेशनवरचे हमाल मान वळवायचे.

स्टेशनं दोन. पायरीपाशी कडुनिंब रोड आणि विहिरीपाशी विहीरवाडी. 'रोड' अशासाठी की कडुनिंब स्टेशनाला लागून नव्हता, चार पावलं लांब होता, आणि गाव स्टेशनापासून लांब असलं की रेल्वे त्याला रोड म्हणते. कुणी हसलं तर आप्पांना नवल वाटायचं.

सगळं खऱ्यासारखं. ड्रायव्हरनं वाफेच्या दांड्याला, ब्रेकला आणि पुढं-मागं करायच्या दांड्याला हात लावायचा, तोही चिमट्यानं. बाकी गाडीला कुणाचा हात लागायचा नाही. डबा घसरला तर लोखंडी सळई आणि लाकडाच्या पाचरी घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि तो तसूतसूनं वर चढवायचा. वेग असा की शेजारून म्हातारं माणूस गप्पा मारत चालावं. छोटी गाडी पळत नाही, पळली तर ती छोटी गाडी नाही. आणि पलीकडच्या स्टेशनानं फोनवर 'घेते' म्हटल्याशिवाय, आणि त्याची चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय, गाडी हलायची नाही. म्हणजे लाइन क्लिअर. म्हणून दोन्ही स्टेशनांत तारेनं जोडलेले दोन फोन, आणि दोन मास्तर. कडुनिंब रोडला आप्पा, विहीरवाडीला मी.

आई गेली तेव्हा मी सातवीत होते. वर्षश्राद्ध झालं आणि आप्पांनी परस खणायला घेतलं. गल्लीतल्यांना वाटलं, रंगनाथ करड्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. रूळ पुरे झाल्यावर त्यांनी मला विहीरवाडी दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गाडी जायची आणि एक यायची. आप्पा ड्युटीवर असले तर आल्यावर. फोन वाजायचा, आणि पलीकडून आवाज यायचा, "विहीरवाडी, गाडी घेता का?" मी फ्रॉकमधली पोर, आणि आप्पा मला अहो-जाहो करायचे. घरात 'हेमे', फोनवर 'मास्तर'. फोनवर घरचं बोलायला बंदी. भात झाला का हे विचारायचं असलं तर रिसीव्हर ठेवून पायरीपासून विहिरीपर्यंत चालत यायचे, विचारायचे, परत जायचे, आणि मग गाडीची चौकशी करायचे.

पुढं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. दिवसभर लोकांना 'बोला' म्हणायचं आणि संध्याकाळी आप्पांना 'घेते' म्हणायचं, असा माझा जन्म चालला होता. तिशी जवळ आली तरी मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला लागलं ते प्रल्हाद पिंपळे आमच्या एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून आला तेव्हापासून.

प्रल्हादमध्ये बघण्यासारखं काय होतं म्हणाल तर काही नाही. उंच, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. पण माणूस खोटं बोलू शकत नव्हता. साहेबानं विचारलं, बोर्ड कधी दुरुस्त होईल, तर सगळे म्हणायचे, झालाच साहेब. हा म्हणायचा, माहीत नाही. मला तो आवडला. त्यालाही मी आवडले होते, आणि तेही त्यानं एका दुपारी तसंच सांगून टाकलं, जणू लाइन खराब आहे म्हणून सांगतोय. जातही आमचीच होती, म्हणजे आत्याला बोट ठेवायला जागा नव्हती. अडचण एकच होती. त्याची नाशिकला बदली झाली होती, दिवाळीनंतर तिकडं हजर व्हायचं होतं. त्याच्या आत आप्पांनी हो म्हणायला हवं होतं.

पळून जायचं सुचलं नाही असं नाही. मी काही दूधखुळी नव्हते, कमावत होते. पण आप्पांच्या तोंडून हो आल्याशिवाय मला त्या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नव्हतं. आणि आप्पांचा हो गाडीतून यायचा. मग मी ठरवलं, प्रल्हादला गाडी शिकवायची.

आप्पा आता निवृत्त झाले होते. पेन्शनर मंडळींच्या बैठकांना ते अधूनमधून सोलापूरला जायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्या दुपारी मी रजा टाकायची आणि प्रल्हादला मागच्या दारानं परसात घ्यायची. आत्याला मी आधीच कटात घेतलं होतं. ती पायरीवर तांदूळ निवडत बसायची. कुणी विचारलं तर टेलिफोनवाले तार तपासायला आलेत.

शिकवणं सोपं नव्हतं. फोनचा बिघाड तारेत सापडतो, वाफेचा सापडत नाही, म्हणून प्रल्हाद चिडायचा. एकदा बॉयलरमध्ये पाणी घालायचंच विसरला आणि वाती पेटवल्या. मी ओरडले नसते तर चुलतकाकांची सगळी मेहनत वितळून गेली असती. बोटं भाजली, तेव्हा आत्यानं त्यांना तूप लावलं आणि वर म्हणाली, लग्नात हळद लागेल तेव्हा लागेल, तोवर हेच. डबा घसरला की त्याचा हात आपोआप पुढं यायचा. मी पट्टीनं मारायचे. शेवटी त्यानं हात पाठीमागं बांधून चालायची सवय लावून घेतली, एखाद्या शाळा तपासनिसासारखी. मी त्याला शिट्टी कुठं द्यायची ते शिकवलं, चढावर वाफ कधी वाढवायची ते शिकवलं, गाडी हलवताना काय करायचं, थांबवताना काय करायचं, सगळं, सुटीच्या दिवशी आप्पा मला गाडी चालवू द्यायचे त्यातून जसं मला येत होतं तसं. आणि शेवटी एकच बजावलं. आप्पांनी विचारलं तर म्हणायचं, पहिल्यांदाच चालवली.

मग आत्यानं स्थळ आणलं. जणू कुठून तरी कानावर आलं, अशा आवाजात तिनं आप्पांना सांगितलं. आप्पा बरं म्हणाले. त्या रविवारी प्रल्हाद आणि त्याचे थोरले भाऊ आले. प्रल्हाद नवी कोरी टेरिलिनची पँट घालून आला होता, गाढव.

आप्पांनी टोपी घातली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि त्याला नियम समजावून सांगितले. त्यानं लक्ष देऊन ऐकले. मी विहिरीपाशी गेले. फोन वाजला.

"विहीरवाडी, गाडी घेता का?"

"घेते," मी म्हटलं. माझा आवाज कापला. फोन जुना होता म्हणून बरं.

आप्पांनी चिठ्ठी लिहून दिली, निशाण दाखवलं, आणि गाडी निघाली. विहिरीपाशी उभं राहून मला पहिल्यांदा फक्त शिट्टी ऐकू यायची, मग घेवड्याच्या मांडवाखालून वाफ दिसायची. मी मनातल्या मनात एकेक पायरी मोजत होते. मांडवापाशी शिट्टी दिली. चढावर वाफ वाढवली. हात पाठीमागं. शाबास.

डाळिंबापाशी शेजारच्या काशीबाईंची कोंबडी रुळावर येऊन बसली.

हे मी शिकवलं नव्हतं. कोंबडीचं कुणी काय शिकवणार? प्रल्हादनं शिट्टी दिली. कोंबडीनं मान वाकडी करून बघितलं आणि बूड आणखी खाली टेकवलं. पायरीवरून आत्या हुसकायला उठली तर आप्पांनी हात आडवा केला. रुळावर जनावर आलं की गाडी थांबते, ड्रायव्हर जनावर हाकत नाही. प्रल्हादनं गाडी थांबवली. तो, त्याचा भाऊ, आप्पा आणि आत्या, सगळे कोंबडीकडं बघत उभे राहिले. मी तर विहिरीला प्रदक्षिणा घालायच्या बेतात होते. बऱ्याच वेळानं कोंबडी उठली, आणि उठता उठता तिनं पंख असे फडफडवले की मधला डबा घसरला.

प्रल्हादनं माझ्याकडं बघितलं नाही. खिशातून रुमाल काढला, जमिनीवर पसरला, टेरिलिनचा एक गुडघा त्यावर टेकवला, आणि सळई मागितली. आप्पांनी सळई आणि पाचरी दिल्या. मग त्यानं तो डबा जो चढवायला घेतला, तो आत्यानं दोनदा चहा गरम केला तरी चढतच होता. एकदा वर आला आणि दुसऱ्या बाजूला उतरला. त्याच्या भावानं विचारलं, हातानं का नाही उचलत? प्रल्हाद मान वर न करता म्हणाला, "आत माणसं आहेत, दादा."

हे मात्र मी त्याला शिकवलं नव्हतं. आत्यानं आप्पांचं वाक्य त्याला सांगितलं असेल, की त्याचं त्यालाच सुचलं असेल, मी कधी विचारलं नाही.

गाडी विहीरवाडीला आली. आम्ही दोघं एकमेकांना अनोळखी असल्यासारखे उभे राहिलो. त्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उशीर झाला मास्तर. जनावर होतं." मी मान डोलावली. मग मी फोन केला, आप्पांनी गाडी घेतो म्हटलं, मी चिठ्ठी दिली, निशाण दाखवलं, आणि तो परत गेला. परतीच्या वाटेत काही झालं नाही. गाडी कडुनिंब रोडला अशी थांबली की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

मी परसातून जवळजवळ धावत आले. आत्याच्या चेहऱ्यावर पेढे होते. आप्पा टोपी हातात फिरवत होते.

"चांगली चालवलीत," ते म्हणाले. "पहिल्यांदाच?"

प्रल्हादनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या मातीनं भरलेल्या गुडघ्याकडं.

"नाही," तो म्हणाला. "यांनी शिकवली."

सगळं शिकला होता, एवढं एक वाक्य तेवढं शिकला नाही. आत्यानं कपाळावर हात मारला. मी जमिनीकडं बघत राहिले. त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी असं वाटत होतं की लग्न करीन तर याच्याशीच.

आप्पा रागावले नाहीत. ते म्हणाले, ते दिसलंच. गाडी सुटताना तुम्ही आधी इंजिन थोडं मागं रेटलंत, डब्यांमधलं कपलिंग सैल करायला. जड मालगाडी असली की ड्रायव्हर असं करतात. माझी गाडी जड नाही. आणि मागं रेटलं की ब्रेकव्हॅनमधल्या गार्डाला दणका बसतो, उभा जन्म मी तो दणका खाल्लाय. "ही खोड या लायनीवर एकाच माणसाला आहे," ते म्हणाले. "किती वर्षं सांगतोय तिला. ऐकत नाही."

प्रल्हादच्या भावानं हळूच विचारलं, मग आता पुढं कसं?

"कळवतो," आप्पा म्हणाले.

'कळवतो' म्हणजे काय, ते लग्नाच्या बाजारात शेंबड्या पोरालाही कळतं. पिंपळे बंधूंनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेले. जाताना प्रल्हादनं गुडघासुद्धा झटकला नाही.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. कुठून तो शहाणपणा सुचला कोण जाणे. मला वाटलं, फोन वाजेल, गाडी येईल, आणि सगळं कालच्यासारखं होईल. फोन वाजला नाही. इतक्या वर्षांत आप्पा तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा वाजला होता. उजेड कमी व्हायला लागला तशी माझी सटकली. मी सरळ रुळांच्या मधून चालत गेले, हेही आमच्याकडं कधी कुणी केलं नव्हतं.

आप्पा पायरीवर इंजिन पुसत बसले होते. मी म्हटलं, नापास का केलंत त्याला? ते म्हणाले, नापास कुठं केलं, चांगली चालवली त्यानं. मग कळवतो कशाला म्हणालात? फडकं चाकावरून फिरत राहिलं.

"आप्पा, अकलूजचा मुलगा चांगला होता," मी म्हटलं. "मोहोळचाही होता. कुणात काही खोट नव्हती. तुम्हांला मी जायलाच नको आहे."

त्यांनी फडक्याची घडी बदलली. मग इंजिनाकडं बघतच म्हणाले, "दोन स्टेशनांची लाइन आहे. एका माणसाचं काम नाही."

"मग बंद करा लाइन."

बोलून गेले. आप्पांनी मान हलवली, कुणी वेळ सांगितली की हलवावी तशी, आणि इंजिन कापडात गुंडाळून आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मीही जेवले नाही. आत्या एकटी जेवली आणि जेवताना आमच्या दोघांच्या नावानं बोटं मोडत होती.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले. प्रल्हाद समोरच्या टेबलावर होता. मी त्याला सांगितलं, काही खरं नाही. तो म्हणाला, मी खोटं बोलायला हवं होतं का? मी म्हटलं, नाही. तेवढ्यात बोर्डावर कॉल साठले आणि मी 'बोला' म्हणायला लागले.

दुपारनंतर घरी आले. नेहमीच्या सवयीनं आधी परसाकडं बघितलं, आणि विहीरवाडी नव्हती.

पाटी नव्हती. फोनची पेटी नव्हती, तार गुंडाळून बाजूला ठेवली होती. गाड्या बाजूला घ्यायचा दुसरा रूळ उखडलेला होता. विहिरीपाशी एकच रूळ येऊन थांबत होता, आणि त्याच्या टोकाला आडवा ओंडका. मी म्हटलं होतं बंद करा, आणि या माणसानं बंद केली. पण कडुनिंब रोड जागच्या जागी होतं. आप्पा पायरीवर बसून चाकूनं बाभळीचा एक दांडका तासत होते. हातभर लांब, गुळगुळीत. तापल्या तारेनं त्यावर लायनीचं नाव लिहिलं होतं.

मी विचारलं, हे काय?

"वन ट्रेन ओन्ली," आप्पा म्हणाले. ते नेहमीच्या आवाजात बोलत होते, नवीन गार्डाला शिकवावं तसं. "लायनीवर इंजिन एकच असलं, तर पलीकडं मास्तर लागत नाही. लाइन क्लिअर नाही, फोन नाही. हा दांडका ज्याच्या हातात, लाइन त्याची. एकट्यानं जायचं, एकट्यानं यायचं. कुणाला विचारायचं नाही."

"नियम नवीन निघालाय?"

"नाही. जुनाच आहे. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीचा."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्याकडं इंजिन पहिल्या दिवसापासून एकच होतं. समोरून यायला दुसरी गाडी या जगात नव्हती. म्हणजे या नियमानं विहीरवाडीला मास्तर कधीच लागत नव्हती, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हाही नाही.

"आप्पा, मग इतकी वर्षं मला तिकडं उभं का केलंत?"

ते दांडक्याची एक कड बोटानं तपासत राहिले.

"तुझी आई गेली आणि तू बोलायची बंद झालीस," ते म्हणाले. "शाळेतून यायचीस, कोपऱ्यात बसायचीस. मी काही विचारलं की नुसती मान. फोनवर विचारलं तर 'घेते' म्हणालीस. पहिले काही महिने तेवढाच एक शब्द मी तुझा ऐकला. मग तोच रोज ऐकायची सवय लागली मला."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मला वाटायचं, आप्पाच बोलत नव्हते.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. हात धरावा असं फार वाटलं, पण त्यांच्या एका हातात चाकू होता आणि एका हातात दांडका. त्यांनी दांडक्यावरची भुकटी फुंकली.

"पिंपळ्यांना कळव," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. मागं रेटायची खोड सोडवायला सांग." मग थोडं थांबून म्हणाले, "नाही सुटली तरी चालेल."

आत्या दाराआडून ऐकत होती. ती तिथूनच हुंदके द्यायला लागली, आणि हुंदके देता देता कार्यालय कुठलं घ्यायचं तेही बोलायला लागली.

आप्पांनी इंजिन काढलं. पाणी, तेल, वाती. काटा चढेपर्यंत आम्ही दोघं गप बसलो, तसे नेहमीच बसायचो. वाफ झाली. त्यांनी टोपी घातली आणि दांडका हातात घेतला. मी उठले आणि पदर खोचून विहिरीकडं निघाले. पाय आपोआप निघाले, त्यात माझा काही विचार नव्हता.

"कुठं निघालात?" मागून आप्पा म्हणाले.

फोनशिवाय त्यांनी मला अहो-जाहो कधी केलं नव्हतं. मी वळले. म्हटलं, विहिरीपाशी उभी राहते, गाडी येईल ना.

"तिकडं आता कुणी लागत नाही," आप्पा म्हणाले. "पॅसेंजरनी फलाटावर थांबावं."

मग त्यांनी शिट्टी वाजवली, स्वतःलाच हिरवं निशाण दाखवलं आणि गाडी सोडली. मांडवाखालून, डाळिंबाला वळसा घालून, ते गाडीच्या शेजारून सावकाश चालत गेले. विहिरीपाशी गाडी थांबली. तिथं उतरणारं कुणी नव्हतं, चढणारं कुणी नव्हतं, तरी थांबायचं तेवढा वेळ ती थांबली, आणि आप्पा दांडका छातीशी धरून तिच्याजवळ उभे राहिले. मी फलाटावरच होते. रडू आवरेना. पॅसेंजरनं रडू नये असा नियम रेल्वेत नाही, म्हणून पोटभर रडून घेतलं.